बदकावरचा खटला

माझ्या साडभाऊंइतक्या वेळा आणि इतक्या हौसेने मेलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मारेगावला दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात बुद्धविहारासमोर मांडव पडायचा, भाषणं व्हायची, गाणी व्हायची आणि मग साडभाऊ मरायचे. नाटक ठरलेलं होतं. एक म्हातारा राजा आपल्या तीन मुलींना राज्य वाटून देतो, गोड बोलणाऱ्या दोघींना सगळं देतो, खरं बोलणाऱ्या धाकटीला हाकलतो, मग त्या दोघी त्याला हाकलतात, आणि शेवटच्या अंकात धाकटीचं प्रेत हातांवर घेऊन तोही प्राण सोडतो. हा प्राण सहजासहजी सुटत नसे. साडभाऊ रंगमंचावर कोसळले की मांडवामागे आचारी भात टाकायचे आणि ते गेले की उतरवायचे. भात कधी कच्चा राहिला नाही. बायका पदर तोंडाला लावून हुंदके द्यायच्या, म्हातारे नाकं शिंकरायचे, आणि दुसऱ्या दिवशी साडभाऊ पानठेल्यावर उभे राहून, कोण कुठे बसून किती रडलं याचा हिशोब घ्यायचे.

पोटापाण्यासाठी ते कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांची नावं व्हरांड्यात उभं राहून पुकारायची हे त्यांचं काम. आवाज असा, की ज्याचं नाव पुकारलेलं नाही तोही 'हजर' म्हणत आत शिरायचा. घरीसुद्धा ते कोर्टातच असत. चहात साखर कमी पडली तर ताईंवर, म्हणजे आपल्या बायकोवर, आरोप ठेवायचे, लग्नाचं जेवण उशिरा वाढलं तर 'तारीख वाढली' म्हणून पंगतीतून उठायचे आणि गुलाबजाम दिसला की हुकमाला स्थगिती देऊन परत बसायचे. त्यांचा एकच पक्का सिद्धान्त होता. जगात रडण्याजोग्या सगळ्या गोष्टी आधी रंगभूमीवर झालेल्या आहेत, बाकी सगळा चोरीचा माल आहे.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव येईल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. साडभाऊंच्या पुढच्या खोलीतही आढ्यापर्यंत कापूस होता आणि त्याला टेकून टीव्ही पाहणारी पोरं अंग खाजवत बसायची. गावात रोज कुठून तरी गाड्या यायच्या. पाहणी करणारे यायचे, फोटो काढणारे यायचे, उमेद द्यायला येणारे तर फारच यायचे. अशीच उमेद घेऊन शहरातून एक मंडळी आमच्या शाळेत आली. मी तिथला मास्तर, म्हणून खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे. त्यांनी पडदा लावला आणि पोरांना, आयाबापांना एक कार्टूनचा सिनेमा दाखवला. एक म्हातारं बदक आपल्या तीन पोरींना तळं वाटून देतं. दोघी गोड बोलतात, धाकटी खरं बोलते, बदक तिला हाकलतं. मी साडभाऊंकडे पाहिलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते. पुढे मोठ्या दोघी बापाला हाकलतात, ते वादळात भिजतं आणि सिनेमा अर्ध्यावर असतानाच धाकटीच्या तळ्यावर जाऊन पोचतं. मग नाचगाणं, शिंगाड्यांची मेजवानी, समाप्त.

"काय वाटलं सगळ्यांना? मन कसं सकारात्मक झालं ना?" एका बाईंनी विचारलं.

साडभाऊ उभे राहिले आणि कोर्टाच्या आवाजात गरजले, "बदक हाजिर हो!" पहिल्या रांगेतली पोरं घाबरून उभीच राहिली. "बाई, हे बदक नोहे. हा आमचा राजा हाय. तुमच्या लोकायनं त्याले पंख लावले, पान्यात सोडलं अन् मरन तेवढं काढून घेतलं. मरन काढलं तं राह्यलं काय? बदकच राह्यलं!"

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "लोकांचा सहभाग फार छान होता."

त्या दिवसापासून साडभाऊंनी सगळ्या कार्टूनविरुद्ध मोहीम उघडली. कुठे दोन वारुळांचं वैर असलं आणि या वारुळातली मुंगी त्या वारुळातल्या मुंगळ्याच्या प्रेमात पडली, की हे पोरांना सांगायचे, "हे दोघंही मरतेत. खरे मरतेत. इथं लगन लावून राह्यले, ते खोटं हाय." कुठे एखाद्या हरणाच्या पिलाचा काका गादीवर बसला, की हे टीव्हीसमोर आडवे होऊन शेवटच्या अंकातली प्रेतं मोजून दाखवायचे. माझी पोरगी पिंकी एकदा रडत घरी आली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "मोठ्या बाबांनी ससा मारला." मोठे बाबा म्हणजे साडभाऊ. ससा पडद्यावर धडधाकट नाचत होता, पण मोठ्या बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तो कायद्याने मेलेला होता. अखेर बस्तीतल्या आयांनी ठराव केला की ज्या घरात टीव्ही चालू आहे तिथे साडभाऊंना बसायला पाट द्यायचा नाही. याच बायका जयंतीला त्यांच्या मरणावर धाय मोकलून रडायच्या. त्या वर्षी मात्र समितीकडे जाऊन त्यांनी सांगितलं, "औंदा नाटकात कोनी मरू नोका. पेपरात लय झालं." साडभाऊंनी हे मनाला फार लावून घेतलं.

आता खरी गोष्ट सांगतो. साडभाऊंनाही तीन मुली होत्या. बदक यायच्या कितीतरी आधी, एका वर्षी नाटक संपल्यावर त्यांनी तिघींना विचारलं, माझं मरण कसं झालं? थोरली म्हणाली, अख्खं मारेगाव रडलं. मधली म्हणाली, असं मरण पुन्हा होणे नाही. धाकटी सुनीता म्हणाली, "बाबा, मेल्यावर तुमी एक डोया उघडून कोन रडून राह्यलं ते पाहत होते." झालं. त्या दिवसापासून बाप तिच्याशी बोलेना. तिच्या लग्नात सगळा उपदेश त्यांनी जावयाला केला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवताना तोंड मांडवाच्या खांबाकडे केलं. ती फुलसावंगीला गेली. पुढे जावई कापसातली सरकी काढायच्या ज्या जिनिंगवर होता ते बंद पडलं, सुनीता लोकांचे ब्लाऊज शिवून घर चालवू लागली, हे सगळं आम्हाला ताईंकडून कळायचं. ताई लपूनछपून रडायच्या. साडभाऊंपाशी विषय काढला की एकच उत्तर, "तिनं यावं. राजा जात नसते."

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. साडभाऊ बदकाच्या नावाने पुन्हा बोटं मोडत होते. ताई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्या बदकाले अक्कल हाय, तुमाले नाही," ताई म्हणाल्या. "ते येळेवर पोरीच्या तयावर गेलं म्हनून दोघंही जित्ते राह्यले. तुमी जा आरामात, शेवटच्या अंकात. पोरीले हातावर घेऊन रडाले."

त्या वर्षांत असलं वाक्य कुठल्याच घरात चेष्टेवारी जात नव्हतं. तीस-चाळीस वर्षं साडभाऊंना तो शेवटचा अंक तोंडपाठ होता, पण त्यात सुनीता असू शकते हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग ते मला म्हणाले, "मास्तर, उद्या फुलसावंगीले येता का?"

एसटीत त्यांनी सबंध वाट राजाच्या क्षमायाचनेचं भाषण घोकलं. बस बदलली तरी भाषण बदललं नाही. कंडक्टरने डोळे पुसले की वैतागून तोंड पुसलं, मला सांगता येणार नाही. गावात शिरलो, शिलाई मशीनचा आवाज येत होता त्या दाराशी थांबलो. साडभाऊंनी छाती भरून श्वास घेतला. मशीन थांबलं आणि सुनीता दारात आली. इतक्या वर्षांनी बाप उभा, मागे मी, हातात पिशवी नाही, आधी निरोप नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मावसाजी," ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई गेली का?"

साडभाऊंचं सगळं भाषण एसटीतच राहिलं. "नाही, बेटा," ते म्हणाले, आणि तो कोर्टाचा आवाज मला ऐकूसुद्धा येईना. "आई बरी हाय. कोनाले काही झालं नाही. मीच आलो. असाच आलो."

सुनीता तिथेच उंबऱ्यावर बसली आणि जी रडली, तशी त्यांच्या कुठल्याही मरणावर मारेगाव रडलं नव्हतं.

त्यानंतर साडभाऊ सवड मिळाली की फुलसावंगीला जायचे. बदकावरचा खटला त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतला नाही, नुसत्या तारखा वाढवत राहिले. पण आपल्याला पाहून पोरीचा जीव दचकू नये म्हणून ते तिच्या गल्लीच्या वळणावरच थांबायचे आणि कोर्टाच्या आवाजात पुकारा करायचे, "सगळे बरे हाय!" मग पुढे जायचे. गल्लीतले लोक हसायचे. सुनीता चहाचं आधण ठेवायची.

साडभाऊ गेले ते दुपारच्या झोपेत, एक शब्द न बोलता. सुनीताला फोनवर सांगायचा धीर कुणाला होईना, म्हणून मी गेलो. वळणावर आलो आणि माझे पाय थांबले. मशीनचा आवाज बंद झाला. तिने मला पाहिलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि मी काहीतरी ओरडेन म्हणून वाट पाहू लागली.