पेजेचं वजन

आमच्या लेकीच्या हृदयाला भोक होतं आणि मला अक्कल नव्हती. पहिल्यावर डॉक्टरांकडे इलाज होता: पोर सहा किलो भरली की ऑपरेशन. पण स्टोअरकीपरची माझी जागा आता सौदी माणसाला द्यायची ठरली होती. करार संपला की इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना खलास, विमाही खलास. त्याआधी तिचं वजन वाढायला हवं होतं.

जेद्दाच्या त्या हॉस्पिटलात लहान मुलांचा आहार ठरवणारी बाईसुद्धा नवी भरती झालेली सौदी मुलगीच. तिने बजावलं, दूध थोडं द्या, पण पावडर जास्त घालून घट्ट. पाणी एक चमचाही वर नको, मीठ तर नकोच, त्या हृदयाला झेपत नाही. मी मनात म्हटलं, कालची पोर मला शिकवणार. आमच्या रत्नागिरीकडे आजारी माणूस पेजेवर उठतो.

मग काय, बायको आंघोळीला गेली की मी लेकीला भाताची पेज भरवायचो, मीठ घालून, अगदी पातळ. चार दिवसांत काट्यावर अर्धा किलो वाढ. मी कॉलर ताठ करून कामावर सगळ्यांना खजूर वाटले.

पाचव्या दिवशी लेक धापा टाकायला लागली. तिला उचलून मी आणि बायको हॉस्पिटलात धावलो. आहारवाल्या त्या मुलीने लेकीच्या पावलावर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला.

"हे वजन नाही, अंगात साठलेलं पाणी आहे," ती म्हणाली. "काय पाजलंत?"

एरवी कफीलला, म्हणजे आमच्या सौदी मालकालाही अक्कल शिकवणारा मी, लेकीचं दुपटं सारखं करत बसलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर रोज पालथं घातलेलं पातेलं तिला आठवलं असावं.

"मी पेज दिली," ती म्हणाली.

औषधाने पाणी उतरलं आणि वजन होतं त्याच्याही खाली गेलं. पुढे कित्येक आठवडे वॉर्डात बायको दूध पाजायला बसली की शेजारी नर्स उभी राहायची, बायकोवर कुणाचा भरवसा नव्हता. मला मात्र विचारायचे, बाबा, चहा घेणार? मी घ्यायचो.

करार संपायच्या आठवडाभर आधी पोर सहा किलो भरली. ऑपरेशन झालं, आम्ही गावी आलो.

आता लेक आठवीत आहे. परवा आईशी भांडताना ती म्हणाली, "तूच मला पेज पाजून मारणार होतीस ना?" बायकोने तिचा डबा भरून दिला. मी पेपर वाचत होतो, वाचतच राहिलो.