आबांसाठी स्वस्तातली सिगार

बाईमाणसानं पानपट्टीवर जाऊन सिगार मागितली की काय होतं, ते मला विचारा. आधी पानवाला ऐकूच आलं नाही असं दाखवतो. पुन्हा मागितली की तो माझ्या खांद्यावरून मागं बघतो, एखादा पुरुष उभा आहे का म्हणून. आणखी एकदा मागितली की शेजारी तंबाखू मळत उभे असलेले बाप्ये मळायचे थांबतात. सांगलीत, विश्रामबागेत, कॉलेजच्या वाटेवरच्या पानपट्ट्यांवर मी हे सगळं सोसलंय, आणि तेही स्वतःसाठी नाही. मी जन्मात एक झुरका ओढलेला नाही. सिगार आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी हवी होती. त्यांनी ती कधी मागितलीही नव्हती. मलाच द्यायची होती.

आबा लष्करात होते, पण त्यांची सगळी नोकरी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये गेली. साहेब लोकांची जेवणं झाली की सिगारचा डबा फिरवायचा, टोक कापून द्यायचं, काडी धरायची. कधी एखादा साहेब खुशीत आला की एक सिगार त्यांच्या खिशात खोचायचा. तेवढीच काय ती त्यांची चैन. पेन्शनीत आल्यावर गावी ती कुठून मिळणार? आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, ऊस आणि माजी सैनिक दोन्ही भरपूर. आबा दुपारी पारावर बसून बिडी ओढायचे आणि बोलायचे मात्र सिगारबद्दल. पान कसं असतं, राख न पडता कशी टिकते, धूर गिळायचा कसा नसतो. ऐकणारे सगळे पेन्शनरच, पण कुणी गाडी चालवलेली, कुणी तोफखान्यातला. त्यांना ह्यात काही गम्य नव्हतं. आई गेल्यावर आबा ह्याच गोष्टी जास्त उगाळायला लागले. तेव्हा मी ठरवलं की आपल्याला परवडेल आणि तरी ओढण्यासारखी असेल, अशी सिगार ह्या माणसाला शोधून द्यायची.

ह्यात माझा एक स्वार्थ होता, तो आत्ताच सांगून टाकते. मला एकदा, फक्त एकदा, पारावर चारचौघांत आबांच्या तोंडून ऐकायचं होतं की ही माझ्या लेकीनं आणली. आमच्याकडं लेकीचं कौतुक घरात करतात, तेही ती सासरी निघाली की. पोराचं मात्र तो झोपलेला असला तरी पारावर करतात. माझा धाकटा भाऊ शिरवळला कंपनीत आहे. त्यानं नवी चप्पल घेतली तरी आबा ती बातमी पारावर नेत.

पहिली खरेदी पानपट्टीवरची. पोरं ओढतात तसली, बारीक, प्लास्टिकच्या टोकाची. आबांनी एक झुरका घेतला आणि ती हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. "ह्येला खोकल्याच्या औषदाचा वास येतोय गं," म्हणाले. दुसरी मी पुण्यातल्या एका काचेच्या दुकानातून आणली. एकच, नळीत घातलेली. दुकानदार मला ती कुठल्या बेटावरची आणि तिथली माती कशी, ते सांगत बसला, आणि मी किमतीचा विचार करत बसले. आबांनी ती ओढलीच नाही. गणपतीला ओढू, दिवाळीला ओढू म्हणत कपाटात ठेवली. ती वाळून करकरीत झाली आणि शेवटी पेटवायला घेतल्यावर हातातच फुटली. महाग वस्तूचं आमच्या घरात हे असंच होतं. म्हणून मला स्वस्तातलीच हवी होती, मनात धाकधूक न ठेवता कुठल्याही मंगळवारी ओढता येईल अशी. तिसरी निपाणीकडून कुणीतरी आणून दिली, जाडजूड, गावठी. तिनं आबांना असा ठसका लावला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर कामाला आहे. हळदीच्या धंद्यामुळं तमिळनाडूकडचे ट्रक आमच्याकडं येत-जात असतात. एकदा एक वयस्क ड्रायव्हर माल भरून व्हायची वाट बघत ट्रकच्या सावलीत बसला होता आणि काळपट, जरा वेडावाकडा चिरूट ओढत होता. मी तिथून जाताना थबकले. आबा सुट्टीवर आले की त्यांची ट्रंक उघडल्यावर जो वास यायचा, तो हाच. त्याची हिंदी माझ्या हिंदीसारखीच लंगडी, पण काम झालं. पुढच्या खेपेला त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून चिरुटांची एक जुडी आणली. ना डबा, ना पट्टी, ना सोनेरी कागद. किंमत ऐकून मला वाटलं, ह्याचं काहीतरी चुकतंय.

त्या जुडीत सगळे सारखे नव्हते, आणि खरं काम तिथूनच सुरू झालं. चिरूट बोटांत धरून हलकेच दाबत जायचा. कुठं पोकळ लागला तर तो भसाभस जळणार. कुठं गाठ लागली तर ओढताना गाल दुखणार. मी एक उभा चिरून बघितला, तर आत अख्खी लांब पानं. दुसरा चिरला, तर झाडलोट केल्यासारखा भुगा. मग टोकातून भुगा गळतो का ते बघायला शिकले. वरच्या पानाच्या शिरा जाड असतील तर तो बाजूला काढायला शिकले. ओढता येत नव्हतं, म्हणून आबा ओढताना त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी परीक्षा करत होते. ऑफिसातल्या बायका साड्यांचे फोटो बघायच्या आणि मी जेवणाच्या सुट्टीत चिरूट दाबत बसायचे. एकीनं मला "सगळं ठीक आहे ना घरी?" असंही विचारलं.

पहिली निवडलेली जुडी मी मूर्खासारखी पेढीवरच्या खणात ठेवली होती. तंबाखू वास ओढून घेते, हे मला कुठं ठाऊक? आबा म्हणाले, "पिठलं पेटवून ओढल्यागत वाटतंय." दुसरी जुडी थेट गावी पोचवली आणि भावजयीला सांगितलं की ही जरा दमट जागेत ठेव. पुढच्या वेळी गेले तर गच्चीवर कुरडयांच्या शेजारी, जुन्या धोतरावर, आबांचे चिरूट ओळीनं मांडलेले. "वन्सं, त्यास्नी पांढरं आलं हुतं, मी चांगलं कडकडीत वाळवून काढलंय," ती म्हणाली. तिला तरी काय बोलणार? आमच्या भागात टिकवायचं म्हणजे वाळवायचं. मिरची, शेवया, सांडगे, सगळ्याला एकच औषध. मग मी स्टीलचा डबा आणला, त्यात ओल्या फडक्याची घडी एका वाटीत ठेवली, आणि डबा आबांच्याच खाटेखाली सरकवला.

आणि मग तो जमला. आबांनी अंगणात खुर्ची घेतली आणि चिरूट पेटवला. राख बोटभर झाली तरी पडत नव्हती. "मेसातल्यागत हाय," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. एवढा आनंद मला माझ्या पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

त्याच दुपारी ते दुसरा चिरूट घेऊन पारावर गेले. मी सांगलीच्या गाडीसाठी निघाले होते, वाट पारावरूनच जाते. एकानं विचारलं, "आरं गड्या, ह्यो चिरूट कुठनं पैदा केलास?" माझी पावलं आपोआप मंद झाली.

"पोरानं आणलाय," आबा म्हणाले. "शिरवळला कंपनीत मोठमोठी लोकं येत्यात. त्येंच्याकडनं आणतोय माझ्यासाठी."

मी पिशवी घेऊन चार हातांवर उभी होते. आबांनी मला बघितलं आणि तसेच धूर सोडत राहिले. गाडीत बसल्यावर मला इतका राग आला होता की कंडक्टरनं कुठलं तिकीट विचारलं, तेही मला कळलं नाही.

माझ्या भावानं आबांना काडीसुद्धा आणून दिली नव्हती. उलट धुराचा त्रास होतो म्हणून त्यांची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत त्यानंच हलवली होती. पण एका लग्नात कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "बापाची हौस पुरवतूस, असा ल्योक पायजे." माझ्या देखत म्हणालं. माझा भाऊ मान खाली घालून लाजला. ते लाजणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आबा असं का सांगतात, ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. लेकीचं घ्यायचं नसतं. आबा माझ्या घरी नुसता चहा प्यायले तरी बशीखाली नोट ठेवून उठतात. तरी मी एकदा सरळ विचारलं.

"आबा, दरवेळी त्याचं नाव का सांगता?"

"मग काय लेकीच्या जिवावर धूर काढतोय म्हणू? लोकं त्वांडात श्याण घालतील." मग जरा नरमाईनं म्हणाले, "तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. बास की."

मला ते बास नव्हतं. तरीही मी जुड्या निवडत राहिले, डब्यातलं फडकं ओलं करत राहिले, कारण चिरूट पेटवल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा तो दुसऱ्या कशानंच होत नव्हता. आणि कधीतरी चुकून तरी माझं नाव निघेल, ही आशा मी सोडली नव्हती.

गेल्या थंडीत आबांना श्वास लागला. साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "अजून ओढतात? कोण आणून देतं ह्यांना?"

"आक्का आणती," माझा भाऊ म्हणाला. क्षणाचाही विलंब नाही. "आमी किती सांगितलं, पण आयकतच न्हाई."

बाहेरच्या बाकांवर निम्मी भावकी बसलेली होती. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की चिरूट लेक आणत होती. कालपर्यंत पोराचं कौतुक करणाऱ्या एकालाही ह्यात काही विचित्र वाटलं नाही. आबांनी माझ्या जन्माआधीपासून बिड्या ओढल्या, तेही कुणाला आठवलं नाही. माझ्या चिरुटांचा त्यात वाटा नसेल असं मी म्हणत नाही. डॉक्टरांपुढं मी मान खाली घालून उभी राहिले, आणि ते योग्यच होतं. पण भावापुढं मी मान खाली घालणार नव्हते.

आबा घरी आले, नाकाला नळी आणि खाटेशेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन. त्या रविवारी त्यांना बघायला पारावरचे सगळे आले. चुलते खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "अगं, शिकली-सवरलेली तू. बापाला इख दिलंस व्हय?"

भाऊ दारात उभा होता. त्यानं नजर यंत्राकडं वळवली. मला मात्र एकदम वाटलं की हीच ती वेळ. सगळे इथं आहेत, आबाही आहेत.

"होय, मी आणले," मी म्हणाले. "पहिल्यापासून सगळे मीच आणले. ह्यानं एकही आणला नाही. तुम्ही ज्याचं कौतुक करत होता, तो प्रत्येक चिरूट मी हातानं दाबून, निवडून आणलेला होता."

मग भावजय हळूच म्हणाली, "बघा, कबूल तरी करतीया."

कबूल! मी आयुष्यभर ज्या गोष्टीचा मान मागत होते, ती सांगितली तर तो कबुलीजबाब झाला. मी आबांकडं बघितलं. आता खोटं बोलायची त्यांना काही गरज उरली नव्हती. त्यांनी नळी जरा बाजूला केली, दम घेतला आणि हात वर केला. सगळे वाकले.

"तिला कायबी बोलू नगा," आबा म्हणाले. "मीच मागवत हुतो. मी सांगीन त्ये ती आणून टाकायची. तिला काय कळतंय त्यातलं?"

ते सगळ्यांना लगेच पटलं. चुलते म्हणाले, खरंय, बाईमाणूस ते, तिला काय कळणार. माझ्यावरचा राग तिथल्या तिथं निवळला, आणि भावजयीनं सगळ्यांत आधी मला चहा आणून दिला.