घरी सापडलेली तीन मुलं

“घरात सापडेल त्याचंच खरं धरायचं, बाहेर गेलेल्याचा पगार त्याचा बाप सांगत असतो,” असं याकूब मास्तर एकदा आपल्या मुलीला म्हणाले होते.

कोरेगावात स्टँडमागच्या गल्लीत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनं, सकाळी सहापासून बॅचेस. वीस वर्षं तालुक्यातली पोरं तिथे बोटं झिजवून कारकून झाली. शहाण्णवच्या पावसाळ्यात सकाळच्या बॅचला चार जण उरले होते. बाकीची मशिनं मेणकापडाखाली झाकलेली असत, घरात कुणी गेल्यासारखी.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीला, फिरदोसला, सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पेमेंट सीट मिळाली. फी वर्षाला बत्तीस हजार, हॉस्टेल वेगळं. पतसंस्था अठरा टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार होती. घर गहाण आणि एक पगारदार जामीन. जामीन राहायला आप्पासो आपणहून आला. तहसील कचेरीतला कारकून, मास्तरांचाच जुना विद्यार्थी.

“आवं मास्तर, करा की सही. पोरगी लय हुशार हाय.”

“हप्ता चार हजारांचा बसतो, आप्पासो. तिला पुढं पगार किती मिळेल, कुणाला ठाऊक? थकला तर तुझ्या पगारातून कापतील.”

“कापू द्या. न्हाईतरी आमची मंडळी कापतीयाच.”

मास्तर हसले नाहीत. जामीनदारांना जाणाऱ्या कपातीच्या नोटिसा पतसंस्था त्यांच्याकडेच टाइप करायला पाठवायची, पानाला दोन रुपये. ती नावं त्यांच्या बोटांना पाठ होती.

फी भरायला आठ दिवस होते. कॉलेजातल्या कारकुनाकडून मास्तरांनी गेल्या वर्षी पास झालेल्या अकरा मुलांची नावं-गावं मिळवली आणि ते एसटीनं फिरायला निघाले. आठ घरांत मुलगा नव्हता. पुण्याला आहे, बंगलोरला आहे, बाप सांगत. सात हजार मिळतात. आठ हजार. मास्तर आकडा वहीत लिहीत, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर आले की त्यावर रेघ मारत. लग्नाच्या मुलाचा पगार घरचे फुगवून सांगतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बापांनी शेजारी बसून सांगितलेले असे कितीतरी बायोडाटा त्यांनी स्वतः टाइप केले होते, पंधराशेचे अडीच हजार करून.

तीन मुलं मात्र घरी सापडली. एक दुपारी जेवायला आला होता, क्लासमध्ये बाराशेवर शिकवत होता. दुसरा वडिलांच्या दुकानात साखर जोखत होता. महिन्याला सहाशे देतात, म्हणाला. तिसरा शिराळ्यात ओट्यावर बसला होता. काय करतोस विचारल्यावर म्हणाला, “बगतोय.” परतीच्या एसटीत मास्तरांनी तिघांचे आकडे मिळवले आणि तीननं भागले. महिना सहाशे रुपये आले.

रात्री वही त्यांनी फिरदोसपुढे ठेवली. रेघ मारलेले आठ आकडे तिनं एकेक करून वाचले.

“अब्बा, कामाला लागलेला कामाच्या दिवशी दुपारी घरी कसा सापडेल?”

तेव्हा ते वरचं वाक्य म्हणाले.

मुलगी आहे म्हणून नको, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. फी भरायची शेवटची तारीख सहीविना गेली त्या दिवशी दिवसभर पाऊस होता, आणि ती गुडघ्यावर वही ठेवून बसली होती. मग तिनं गावातच बी. कॉम.ला नाव घातलं आणि संध्याकाळची बॅच घेऊ लागली.

दीड वर्षानं, पौषात, औंधच्या यमाईच्या यात्रेला गावाकडे आलेला एक तरुण दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये आला. ज्योतिबा त्याचं नाव. परदेशी जायच्या कागदांसाठी एक प्रतिज्ञापत्र टाइप करून हवं होतं. फिरदोसनं मशिनवरचं मेणकापड काढलं, कागद चढवला.

“वार्षिक उत्पन्न?”

“एक लाख ऐंशी हजार लिवा.”

टेबलाशी बसलेल्या मास्तरांनी मान वर केली. “सांगलीच्या कॉलेजातून पास झालेला, औंधचा ना तू? तुझ्या घरी आलो होतो मी. तुझे वडील आठ हजार म्हणाले होते.”

“आण्णा व्हय? ते कमीच सांगायचे. साडेनऊ हुता तवा. खरा आकडा कळला की भावकी उसनं मागाय येती.”

“मला वाटलं, लग्नासाठी वाढवून...”

“लग्न?” ज्योतिबा हसला. “मामाची पोरगी जलमली तवाच ठरल्यालं ते. वाढवून सांगायचं कुणाला?”

फिरदोसची बोटं थांबली होती. मग ती चालू लागली, एकसारखी, न चुकता, मास्तरांनी शिकवली होती तशी. कागद काढून तिनं नेहमीप्रमाणे मास्तरांपुढे ठेवला. इथून बाहेर जाणारा प्रत्येक कागद ते आधी वाचत. मास्तरांचं बोट ओळीखालून सरकत गेलं. आकड्यापाशी थांबलं. चूक कुठेच नव्हती.

“बरोबर आहे ना, अब्बा?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

मास्तरांनी कागद तिच्याकडे सरकवला, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर पडले.