पाच लिहिलेला निळा लेसर

हिलालने तो निळा लेसर पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा तो पलसाण्याला निघायच्या घाईत होता. तिथल्या एका कारखान्यात साडीचे काठ कापणारं लेसर मशीन सकाळपासून बंद पडलं होतं आणि मालकाचे चार फोन येऊन गेले होते. तेवढ्यात भाचा वैभव गल्लीच्या तोंडाशी आडवा आला.

"मामा, एक मिनिट. हे बघा ना, बरोबर आहे का?"

वैभव म्हणजे हिलालच्या धाकट्या बहिणीचा, शोभाबाईचा मुलगा. सुरतेच्या डिंडोलीत, मामाच्या मागच्याच सोसायटीत राहायचा आणि लग्नाचे मंडप सजवायचं काम करायचा. मंडपावर चढलेल्या कारागिरांना झालर कुठे बांधायची, झुंबर कुठे टांगायचं, हे खालून ओरडून सांगताना त्याचा घसा बसायचा. म्हणून त्याने ऑनलाइन हा लेसर मागवला होता. बटण दाबलं की निळा ठिपका हव्या त्या जागी जाऊन बसायचा. काळा, जाडसर, टॉर्चसारखा लेसर, पोटावर पिवळी पट्टी चिकटवलेली. हिलालने चष्मा कपाळावर सरकवून पट्टी वाचली. पाच मिलिवॉट.

"पाचवाला आहे. फळ्यावर दाखवायला वापरतात तसला. काही होत नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

वैभवने विचारलं ते योग्यच माणसाला. अमळनेरकडून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आलेला हिलाल आधी लूमवर उभा राहिला, मग कापड कापणारी लेसर मशीनं आली तेव्हा ती पुसता पुसता दुरुस्त करायला शिकला. बावीस वर्षं झाली होती. उधन्यापासून पलसाण्यापर्यंत लेसरचं काहीही अडलं की लोक म्हणायचे, हिलालभाऊंना विचारा. त्याने सांगितलं की ते खरं मानलं जायचं.

त्याची एकुलती मुलगी सोनाली हिऱ्यांच्या कारखान्यात कामाला होती. बारावीनंतर सहा महिने शिकून ती असॉर्टर झाली. डोळ्याला भिंग लावून हिऱ्याच्या आतला डाग शोधायचा आणि त्यावरून हिऱ्याची प्रत ठरवायची, हे तिचं काम. सुईच्या टोकाएवढाही डाग तिच्या नजरेतून सुटत नसे. घरातल्या तीन पिढ्यांत एसीत बसून काम करणारी ती पहिली. सरलाबाई, तिची आई, शेजारणींना सांगायची, "मनी पोर डोयाना जोरवर कमाई खास," म्हणजे डोळ्यांच्या जोरावर कमावून खाते. भिंग ती उजव्या डोळ्याला लावायची. डाव्याने तिला जमतच नव्हतं.

मार्चमध्ये गल्लीतल्या उषाबाईंच्या मुलीची हळद होती. मंडप वैभवचाच होता. संध्याकाळी पाहुणे यायला लागले तरी एका कोपऱ्यात झालर लोंबत होती, ती कुठे बांधायची हे तो लेसरने दाखवत होता. त्या झालरीला शोभेचे गोल आरसे होते. ठिपका सरकत एका आरशावर गेला आणि तिथून परतून खाली आला. खाली सोनाली हळदीचं ताट घेऊन उभी होती.

"फ्लॅश कुणी मारला?" एवढंच ती म्हणाली. डोळा चोळला, ताट खाली ठेवलं आणि बसून राहिली. दुखलं असं काही नाही. रात्रभरात बरं होईल असं सगळ्यांना वाटलं.

सकाळी हिलाल तिच्यासमोर चहाचा कप घेऊन बसला, तेव्हा तिने डावा डोळा हाताने झाकला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"पप्पा, तुमचे कान दिसतात. नाक दिसत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने लहानच होत्या. त्यांनी पडद्याचा फोटो काढून दाखवला. बरोबर मधोमध भाजल्याची खूण होती.

"लेसर किती ताकदीचा होता?"

"पाच मिलिवॉट," हिलाल लगेच म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो पाहिला. "पाचने सहसा असं होत नाही. तुम्ही याच कामातले आहात ना? मग तो तपासा. खरंच पाचचा निघाला तर ही सूज असेल, उतरेल, नजर बरीचशी परत येईल. जास्त निघाला तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वैभव लेसर रुमालात गुंडाळून हिलालच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. तीन दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. हिलालने त्याला स्टुलावर बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि दोघांनीही लाकूड कोरायच्या मशीनबरोबर आलेले नारिंगी चष्मे चढवले.

आधी त्याने मागचं झाकण फिरवून उघडलं. आतून दोन जाड लिथियम सेल घरंगळले. पाच मिलिवॉटला एवढे सेल कशाला, असं मनात आलं, पण स्वस्तातल्या मालात काहीही भरतात, असंही मनात आलं. त्याने पुढचं तोंड उघडलं. भिंग काढलं, ते साध्या काचेचं. आत पितळी नळी, नळीत डायोड बसवलेला, मागे छोटं सर्किट. अजूनही तो म्हणत होता की सर्किट करंट दाबून ठेवत असेल. मीटर लावून त्याने करंट मोजला. तीस-चाळीस मिलिअँपिअर यायला हवा होता. आकडा एक अँपिअरच्या पुढे जाऊन थांबला.

हिलालने तार काढली, पुसली, पुन्हा लावली. आकडा तोच.

मग त्याने डायोड भिंगाखाली धरला. हा त्याने आधी पाहिलेला होता. मोठ्या हॉलमधले प्रोजेक्टर भंगारात निघतात, त्यातून असे निळे डायोड काढून विकतात. फळ्यावर ठिपका पाडायला हे कुणी बनवत नाही.

शेवटचं मोजमाप उरलं होतं. कारखान्यातल्या मशीनची ताकद मोजायचं मीटर त्याने टेबलावर ठेवलं, लेसर शिकंज्यात पकडला आणि बटण दाबलं. काटा हळूहळू चढत गेला. तो थांबेपर्यंत हिलालने बटण सोडलं नाही.

"किती, मामा?"

"सोळाशे."

"पाचऐवजी?"

"हो."

वैभवने चेहरा दोन्ही हातांत घेतला. हिलाल वाट पाहत राहिला. तुम्हीच बरोबर आहे म्हणालात, हे वाक्य आता येईल, आता येईल. ते आलं असतं तर बरं झालं असतं. वैभवने सुटे भाग डबीत भरायला मदत केली, शटर वर ढकललं आणि पायीच घरी गेला.

डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहून घेतला. कडेची नजर राहील, म्हणाल्या. मधली येणार नाही. घरी सरलाबाई दारातच उभी होती. "तिना डोया बरा व्हई ना?" तिने विचारलं. हिलालने नाही म्हणून मान हलवली आणि बूट काढायला वाकला, तो बराच वेळ वाकूनच राहिला.

पट्टी वाचून आपण काय सांगितलं होतं, हे त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही. सोनालीच्या समोर बसलं की शब्द तोंडापर्यंत यायचे आणि परत जायचे. ती डोळ्यात थेंब घालायची, तो बाटलीचं झाकण धरून उभा राहायचा. एका रविवारी सकाळी ती गॅलरीत मेथी निवडत होती. हिलाल शेजारी बसला, दोन काड्या उचलल्या आणि म्हणाला, "तो लेसर वैभवने मला आधी दाखवला होता. पट्टी वाचून मीच बरोबर आहे म्हटलं. उघडून पाहिला नाही."

तिचा हात थांबला नाही. "माहीत आहे. वैभवने दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." तिने पानं टोपलीत टाकली. "किती दिवस झाले, पप्पा?"

"एकोणीस."

"हं," ती म्हणाली आणि पुढची काडी घेतली. हिलालला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर उठून जाईल. तिने जुडी संपेपर्यंत निवडली.

कारखान्याने तिला तीन महिने दिले, मग डाव्या डोळ्याने हिरे पारखायची परीक्षा होती. ती घरी डाव्या डोळ्याला भिंग लावून बसायची, साबुदाण्याचे दाणे, मोहरी, जे मिळेल ते तपासायची. शोभाबाई एकदा येऊन तिच्या पायाशी बसून रडून गेली. वैभवने मंडपाचं काम भागीदाराला दिलं आणि बारडोलीला साखर कारखान्यात लागला. तो सोनालीला दर शनिवारी फोन करायचा, ती उचलायची. हिलालशी ती नीट बोलायची, जेवायला वाढायची, औषधाची वेळ झाली की आठवण करायची. त्याचं मत मात्र आता कशातच विचारायची नाही.

परीक्षेच्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही याल का बरोबर?" हिलालने दोन कारखान्यांची कामं पुढे ढकलली.

तो गेटबाहेर थांबला. दीड तासाने ती आली. वीस हिरे ठेवले होते, अकरा बरोबर आले. नव्या मुलींनाही पंधरा येतात, हे तिने स्वतःच सांगितलं. सुपरवायझर भला माणूस होता, त्याने तिला पॅकिंगला घेतलं होतं.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. बस पुलावर चढली तेव्हा सोनालीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. लहानपणी ती अशी झोपायची, तशीच झोपली असेल असं त्याला वाटलं. मग शर्टाची बाही ओली व्हायला लागली. हिलालने हात हलवला नाही. त्यांचा स्टॉप आला आणि गेला, त्याने तिला उठवलं नाही, तीही उठली नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने येऊन सांगितलं तेव्हा ते उतरले आणि उन्हातून मागे चालत आले.

घरी सरलाबाईने विचारलं, काय झालं.

"सोमवारपासून पॅकिंगला," सोनाली म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली.