काडीचं वजन

पैलवानानं जन्मात कधी कुस्ती खेळली नव्हती. अंगानं आडवा, उंचीनं उभा, दारातून आत येताना आधी एक खांदा यायचा आणि मग सवडीनं बाकीचा माणूस. म्हणून कुणीतरी पैलवान म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. बायको नेमकी त्याच्या उलट. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिचं नाव काडी ठेवलं. "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर सबंध काडी मिळाली," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ती लटक्या रागानं म्हणायची, "अहो, पुरे आता. लोक माझ्याकडे बघायला लागले." पण बाहेरच्या कुणी काडी म्हटलेलं तिला चालत नसे. ते नाव फक्त त्याच्या तोंडी.

पैलवान क्लबच्या खेळाच्या मैदानावर माळी होता. गवत कापायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, हे सगळं त्याच्याकडे. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये त्याची लाडकी गाडी: बसून चालवायची, पोटाखाली पाती फिरणारी, गवत कापायची गाडी. काडी घरी शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची उसवलेली चेन, कुणाच्या पँटची उंची. दोघांचं बरं चाललं होतं.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधताना पैलवानाचा उजवा हात ऐकेनासा झाला. तो हाताकडे बघत राहिला, हसलासुद्धा, आणि तसाच बाजूला कलंडला. जिवावरचं होतं, ते हातापायावर निभावलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "त्यांना सगळं कळतं. फक्त शब्दाची वाट अडली आहे. बोलत राहिले तर मोकळी होईल."

पण पैलवान बोलत राहिला नाही. सुरुवातीला त्यानं नेट लावला. पाणी हवं असलं की तोंडातून 'दार' निघायचं, मग ती उठून दार उघडायची आणि तो कपाळाला हात लावायचा. भेटायला आलेल्या एका गृहस्थाला तो 'या' म्हणायला गेला आणि 'जा' म्हणाला. ते गृहस्थ खरंच उठले. त्या दिवसापासून त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचा. घरात शिवणयंत्राचा आवाज तेवढा राहिला.

हंगाम तोंडावर आला तसे क्लबचे सेक्रेटरी घरी आले. भला माणूस, पण अवघड बोलायचं असलं की चष्मा पुसत बसायची सवय. चष्मा बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणाले, "ताई, गवत गुडघ्याला लागलंय. सामने जवळ आले. आता दुसरा माणूस बघायला हवा."

"माणूस कशाला?" काडी म्हणाली. "मी आहे की."

आपण हे कधी ठरवलं, तिचं तिलाच कळलं नाही. सेक्रेटरींनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिला नीट पाहिलं. "गाडी चालवता येते तुम्हाला?"

"शिवणयंत्र चालवते. तेही पायानंच हाकावं लागतं."

सेक्रेटरींना हसू आलं. हसल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं. "बघा तर मग," म्हणाले, "जमलं तर काम तुमचंच."

शेडचं कुलूप उघडलं तेव्हा गाडीवर धुळीची गोधडी पसरली होती. काडीनं किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज झाला आणि पुढं सगळं शांत. तिनं पैलवानाच्या मित्राला बोलावलं. दुचाक्या दुरुस्त करणारा मिस्त्री, पोटानं पैलवानाच्या तोडीस तोड, आणि तोंडानं त्याच्याहून मोकळा.

"वहिनी, गाडीचं दुखणं माणसासारखंच," बाह्या सरसावत तो म्हणाला. "आधी जीव आहे का बघायचा, मग पोट, मग श्वास."

जीव म्हणजे बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. ती त्यानं घासून काढली आणि बॅटरी दुकानात नेऊन भरून आणली. पोट म्हणजे टाकी. आतलं पेट्रोल पडून पडून नासलं होतं, त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. ते ओतून दिलं. कार्बोरेटर उघडला तर आत डिंकासारखा चिकटा. श्वास म्हणजे हवेचा फिल्टर, आणि त्यात उंदरानं संसार थाटलेला. काडी शेजारी बसून प्रत्येक गोष्ट निरखत होती. शिवणयंत्राचा दोरा तुटायला लागला की आधी सुई बघायची, मग दोरा, मग ताण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हेही तसंच होतं. तिला धीर आला.

सगळं साफ करून, नवा प्लग बसवून मिस्त्रीनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि धडधडू लागली. मिस्त्री ऐटीत वर बसला, पाती चालू केली आणि मैदानाला एक फेरी मारून आला. मागं गवताचा सुरेख पट्टा पडला.

"घ्या वहिनी. आता तुम्ही."

काडी बसली. गाडी चालू झाली, पुढं सरकली. तिनं पाती चालू केली, थोडं अंतर गेली, एका बारक्याशा उंचवट्यावर गाडी उडाली आणि फुस्स. बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मिस्त्री बसला की गाडी गरीब गाईसारखी चालायची. काडी बसली की पहिल्या धक्क्याला मान टाकायची. मिस्त्रीनं पेट्रोलची नळी तपासली, टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, दिसेल ती वायर हलवून पाहिली. दोष काही सापडेना. कुंपणाबाहेर दोनचार रिकामटेकडे जमले होते. त्यातला एक ओरडला, "गाडी मालकाला ओळखते हो! दुसऱ्याला हात लावू देत नाही!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, त्याच्या मनात काही नव्हतं. काडी मात्र निमूटपणे खाली उतरली. ते वाक्य तिला सुईसारखं टोचलं, आणि टोचलं ते खरं वाटलं म्हणून. ज्याची गाडी त्याचीच ती. आपण कशाला मध्ये तडमडलो?

घरी येऊन ती एका पडद्याची किनार दुमडायला बसली आणि पैलवानाला सगळं सांगत गेली. उत्तराची अपेक्षा नव्हती. कुणाशी तरी बोलायचं म्हणून बोलत होती. "बॅटरी झाली, पेट्रोल झालं, प्लग झाला. मिस्त्री बसले की चालते, मी बसले की मरते. उद्या सेक्रेटरींना सांगून येते, दुसरा माणूस बघा म्हणून."

खुर्चीतून घोगरा आवाज आला. "का... काडी."

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. किती दिवसांनी ते नाव तिच्या कानावर पडलं होतं. ती उठून धावतच त्याच्याजवळ गेली. "काय हो? काय हवंय? पाणी?"

त्यानं जोरात मान हलवली. "काडी!" आणि डाव्या हातानं खुर्चीची बैठक थोपटली.

"उठायचंय?" तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. तो चिडून पुन्हा बसला. पुन्हा बैठक थोपटली. "काडी! काडी!" तिनं उशी बदलली, पाय सरळ केले, दिवा लावला. प्रत्येक वेळी मान आडवीच. शेवटी ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "मला नाही कळत हो. मी इथंच आहे. मला हाक कशाला मारताय?"

पैलवान थांबला. त्यानं मोठा श्वास घेतला. मग तिचं मनगट धरलं आणि त्याभोवती आपली बोटं गुंडाळली. अंगठा बोटांवरून पार पलीकडं गेला, एवढं ते मनगट बारीक. ते तिला दाखवलं. मग तिचा हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवून दाबला, उचलला, दाबला, उचलला. आणि तोंडानं इंजिनासारखा आवाज काढला, "भुर्रर्र..." हात उचलला की आवाज बंद.

काडी बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी... हलकी पडते? त्या सीटला?"

पैलवानानं अशी मान डोलावली की खुर्ची करकरली. आणि तो हसला. ओठ एका बाजूनं वर गेले, दुसरी बाजू जागची हलली नाही. तिला वाटलं, इतकं देखणं हसू आपण पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. तो तिला हाक मारत नव्हता. तो गाडीचा बिघाड सांगत होता. बिघाडाचं नावच काडी होतं!

दुसऱ्या दिवशी ती त्याला चाकाच्या खुर्चीतून मैदानावर घेऊन गेली. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच तिथं येत होता. वाढलेलं गवत पाहून त्यानं नाक मुरडलं. मिस्त्रीनं गाडीची सीट उचलली आणि आत पाहून स्वतःच्या टाळक्यात चापट मारली. "अरे देवा! हे सीटचं बटण! मी मेला एवढा वजनदार, मला कसं समजणार?"

सीटखाली एक बटण होतं. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला किंवा पडला, तर ते बटण इंजिन बंद करायचं. पैलवानानं आपल्या वजनाच्या मानानं सीटच्या स्प्रिंगा सगळ्यात कडक जागी बसवल्या होत्या. त्यांच्यावर काडी बसली की सीट जेमतेम दबायची, आणि गाडी जराशी उडाली की गाडीला वाटायचं, माणूस पडला.

"बिघाड नव्हताच म्हणजे," काडी म्हणाली. "ती मला जपत होती."

"जपणं राहू द्या, काम अडतंय," मिस्त्री पक्कड काढत म्हणाला. "या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो. बटणाची कटकटच नको."

"नाही!"

दोघंही दचकून वळले. शब्द स्वच्छ होता, जुन्या पैलवानाच्या आवाजातला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पुढचा शब्द शोधताना गळ्याच्या शिरा फुगल्या. "नाही. पडली... तर?"

मिस्त्रीनं पक्कड पेटीत टाकली. नाकावरचा घाम पुसला. म्हणाला, "चुकलं माझं, पैलवान. स्प्रिंगाच सरकवतो. हलक्या माणसासाठी पुढं भोकं आहेत." नट पान्यात धरल्यावर मात्र तो अडखळला. "पण एकदा का हलक्या बाजूला बसवल्या, की मग तुला..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. काडीला ते पुरं ऐकू आलं. ही सीट आता पैलवानाची उरणार नव्हती. ती घाईनं म्हणाली, "राहू द्या भावजी. दुसरं काहीतरी बघू. मी गोणपाटाची गादी बांधीन, जड कपडे घालीन..."

पैलवान सीटकडे बघत होता. त्याच्या बसण्यानं तिला मधोमध खळगा पडला होता. त्यानं डावा हात पुढं केला आणि मिस्त्रीकडून पाना मागून घेतला. मिस्त्रीनं त्याची खुर्ची गाडीला अगदी टेकवली. नट घट्ट होता आणि डाव्या हाताला सवय नव्हती. पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा काडीनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. नट करकरला आणि फिरला.

त्या दिवशी काडीनं सगळं मैदान कापलं. पट्टे सरळ आले असते तर नवल; दारू प्यालेल्या सापाची वाट असावी तसे ते आले. पैलवान कडेला बसून डाव्या हातानं खुणा करत होता. सेक्रेटरी येऊन बघून गेले आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेला जरा सरळ येऊ द्या, ताई." म्हणजे पुढची खेप तिचीच होती.

आता दोघं रोज मैदानावर जातात. तिचे पट्टे सरळ येऊ लागले आहेत. मिस्त्री कधीमधी एखादं कुरकुरणारं इंजिन घेऊन येतो आणि पैलवानापुढं सुरू करून ठेवतो. पैलवान डोळे मिटून ऐकतो आणि मग शब्दाच्या शोधात निघतो. कधी पटकन सापडतो, कधी भलताच हाती लागतो. पण आता तो तोंड मिटून बसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशीच प्रगती राहिली तर काठीवर चालेल. उजव्या हाताची दोन बोटं हलू लागली आहेत.

परवा गंमतच झाली. काडी मैदानाच्या मध्यावर होती आणि गाडी एकदम चिरक्या आवाजात ओरडायला लागली. कडेवरून पैलवान गरजला, "फिल्टर! फिल्टर बघ!"

तिनं गाडी थांबवली, उतरून फिल्टर काढला. आरशासारखा स्वच्छ. पात्यांकडं वाकून पाहिलं तर ती फिरवणारा रबरी पट्टा सैल पडला होता.

"फिल्टर नाही, पट्टा आहे!" ती ओरडली.

"पट्टाच... म्हणालो!"

"अहो, फिल्टर म्हणालात! मी काय बहिरी आहे?"

"पट्टा!"

"फिल्टर!"

"तुला... काही... कळत नाही!"

"आणि तुम्हाला फार कळतं!"

सेक्रेटरी काही विचारायला म्हणून फाटकातून आत आले होते. मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभी काडी आणि कडेला खुर्चीत लालबुंद झालेला पैलवान, दोघं बेंबीच्या देठापासून भांडत होते. सेक्रेटरी थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग पाऊल न वाजवता मागं फिरले आणि फाटक हलकेच लावून घेतलं.