कापसातली कॅसेट

यवतमाळच्या जुन्या टीव्ही-टेपच्या दुकानात समोर दोन जुने व्हीसीआर होते आणि माझ्या पिशवीत ताईच्या लग्नाची कॅसेट. लग्नानंतर वर्षभरात माय गेली. तिचा आवाज या कॅसेटीशिवाय कुठंच नाही.

दुकानदारानं आपली एक कॅसेट दोन्ही मशिनींत चालवून दाखवली. दोन्ही चालल्या. मग त्यानं माझी मागितली, तर माझा हात पिशवीतून निघेना. मशीन फीत कशी खाते ते मी लहानपणी, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी दिली. त्यानं कॅसेटीची पुढची पट्टी उचलून आत पाहिलं.

"कापसात ठेवली होती काय भाऊ?"

होती. सातवीत शाळा सोडून मी गुजरातेत सूतगिरणीत गेलो. मायचं सगळं घाटंजीला ताईनंच सांभाळलं. एका साली भाव नव्हता म्हणून तिच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरलेला. काचेच्या बांगड्या ठेवतात तशी तिनं कॅसेट त्यात खुपसली, धक्का लागू नये म्हणून. तिनं जपली म्हणून तर होती. तिला काय बोलणार?

त्यानं चिमट्यानं निघतील तेवढे तंतू काढले. "अंदर अजून असन," म्हणाला. "खाल्ली त मले म्हणू नका."

एक मशीन नव्यासारखी, रिमोटसकट. दुसरीला वरचं झाकणच नव्हतं. मी बिनझाकणाची घेतली. तो हसला, लोक वरचं रूप पाहून घेतात म्हणे, तुम्ही उघडी घेऊन चालले. पण उघडीत फीत दिसते, हात घालता येतो. गिरणीत सूत तुटलं तर बोटानं पीळ देऊन जोडतो. ही चुरगळली की तेवढी माय गेली.

ताईकडं लावायची हिंमत नव्हती. लोडशेडिंगमध्ये मधेच लाईट गेली तर फीत आतच अडकायची. म्हणून दुकानातच, त्याच्या इन्व्हर्टरवर, टीव्हीला जोडून लावली. कॅसेट बाहेर काढायच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि मायचा आवाज आला. कॅमेरावाल्याला म्हणत होती, "माह्या मांगं काहून फिरून राह्यला बापू? पोरीले काढ ना."

फीत थरथरली, मग सरळ झाली. मी बटण दाबलं. कॅसेट शाबूत बाहेर आली.

संध्याकाळी घाटंजीत कॅसेट लावून पाहिल्याचं सांगितलं, तर ताईनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "माय कोणत्या लुगड्यात होती रे? माही त मान खालीच होती त्या दिवशी."

माय बोलत होती तेव्हा मी फितीकडंच पाहत होतो.