नडगीवर अंगठा

माणसं एका जागी घाम गाळायला लागली की किस्से आपोआप साठत जातात, कुणी मुद्दाम जमवायला जात नाही. अमरावतीला एका शेठच्या आवारात आम्ही कापूस तुडवायचो, तेव्हाचे माझ्याकडे इतके पडलेत की एक ओढला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो! बसतो हसण्याचे सांगायला, आणि दर वेळी सोनाजीपाशी येऊन थांबतो. आज पाहू या कुठवर हसता येतं ते.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. लांब अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस अडला, म्हणून विलायतेला आमचा पाहिजे. आणि पाहिजे म्हणजे आजच पाहिजे! कापूस दाबायचं यंत्र आमच्याकडे अजून आलं नव्हतं. यंत्र म्हणजे आम्हीच. उंच लाकडी चौकटीला बोरा, म्हणजे माणूसभर खोल पोतं, टांगायचा, एकानं आत उतरायचं, दुसऱ्यानं वरून कापूस टाकायचा आणि आतल्यानं गोल फिरत तो तुडवत राहायचं. बोरा भरत जाईल तसतसा माणूस वर येतो. आधी नुसता खोकला ऐकू येतो, मग मुंडासं दिसतं, मग पांढऱ्या पापण्यांचं तोंड!

हंगाम अर्ध्यावर आला की सगळ्यांच्या नडग्या ठणकायला लागायच्या. मार नाही, जखम नाही, पण हाडावर नुसतं बोट टेकलं तरी जीव कळवळायचा. कुणी म्हणे कापसाची गरमी, कुणी म्हणे बाहेरची बाधा. शेवटी आम्ही सगळे मिळून शेठकडे गेलो. शेठनं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "एक पाय दुखला तर दुसऱ्यावर जोर द्या. देवानं दोन कशाले देल्ले?"

* * *

आमचा वैद्य म्हणजे म्हादाबा. वयानं सगळ्यात मोठा, तरुणपणी तालमीत पैलवानांची मालिश केलेला. आता बोऱ्यात उतरणं त्याला झेपत नसे, म्हणून तो वरून कापूस टाकायचा. दुपारच्या भाकरीनंतर ज्याच्या त्याच्या नडगीवर अंगठा ठेवून तो आतलं सांगायचा. गुडघ्याखाली दुखलं तर पोट बिघडलं. मधोमध दुखलं तर झोप कमी. घोट्याच्या वर दुखलं तर मनात काहीतरी अडकलंय.

खरं निघायचं का? कधी निघायचं, कधी साफ खोटं! एकदा तुळशीरामची नडगी दाबून त्यानं डोळे मिटले आणि गंभीरपणे सांगितलं, "तुह्या घरी पाळणा हालनार हाये."

तुळशीरामचं लग्नच झालं नव्हतं. तो म्हणाला, "मले नोका सांगू म्हादाबा, आधी एखाद्या पोरीच्या बापाले सांगा!"

* * *

एकदा एक गोरा साहेब कापूस पाहायला आला. घोड्यावरून उतरताना लंगडत होता. म्हादाबा कुणाची तरी नडगी दाबत बसला होता. साहेबानं बरोबरच्या मुन्शीला विचारलं, हे काय चाललंय? मुन्शीनं सांगितलं. साहेबाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पोत्यावर बसून बूट काढला आणि पाय पुढे केला!

म्हादाबानं घोट्याच्या वर अंगठा रोवला. साहेब ओरडला. म्हादाबा म्हणाला, "साहेबाले घरची याद येऊन राहिली."

मुन्शी ते सांगायला तयार होईना. साहेबानं पुन्हा विचारलं, मग जरा चढ्या आवाजात विचारलं. तेव्हा मुन्शीनं खाली बघत दोन शब्दांत सांगून टाकलं. साहेबानं हात लांबवून बूट उचलला. मग तो घातला आणि कापूस न पाहताच निघून गेला.

आम्ही म्हादाबाला घेरलं. "अंगठ्यातून समजलं का हे?"

"अंगठा कशाले लागते?" म्हादाबा म्हणाला. "इतक्या दुरून आलेल्या मानसाले दुसरं काय दुखीन?"

* * *

आता सोनाजी. नांदगाव खंडेश्वरचा. जमीन भावाच्या हाती देऊन बायकोला, बायजाला, घेऊन अमरावतीला आलेला. बायजा आवारातच कापसातला पालापाचोळा निवडायला बसायची. सोनाजीसारखा तुडवणारा दुसरा नव्हता. त्यानं भरलेला बोरा ओळखू यायचा, मूठ मारली तर हात आपलाच दुखायचा!

त्याचीही नडगी ठणकायला लागली. म्हादाबानं अंगठा दाबला आणि उचलला. अंगठा उचलला, पण अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला! ओल्या मातीत बोट रुतावं तसा. तुळशीरामनं सरकीचा एक दाणा उचलून त्या खड्ड्यात ठेवला. दाणा हलला नाही.

"झाली पेरनी!" तुळशीराम ओरडला.

आम्ही हसून हसून लोळलो. सोनाजी तर सगळ्यात जास्त हसला. बायजाही पदर तोंडाला लावून हसली. म्हादाबानं तेवढा दाणा काढून टाकला आणि सोनाजीच्या पायावर धोतर ओढलं.

"गावाले जाय," तो हळूच म्हणाला. "मीठ सोड. पडून राय."

"भर हंगामात?" सोनाजी म्हणाला. "काहून, म्हातारा झालो का मी?"

* * *

पण सकाळी त्याचा चेहरा फुगलेला दिसायला लागला. बायजानं धोशा लावला, तेव्हा अकोल्याच्या हकिमाकडे न्यायचं ठरलं. कापसाच्या बैलबंड्या त्या बाजूला जात होत्याच, एकीवर सोनाजी, बायजा आणि मी बसलो.

हकिमानंही आधी नडगीच दाबली. खड्ड्याकडे पाहत राहिला. मग डोळ्यांखाली पाहिलं, लघवीचं विचारलं, दम लागतो का विचारलं. म्हणाला, "अंदर पानी भरतंय. पायातून वर चढतंय. उभं राहायचं नाही. पाय उशीवर, वर ठेवायचे."

सोनाजीनं हात जोडले. "हकीमसाब, पाय वर करून कापूस तुडवाची काही तरकीब असन तर सांगा!"

हकीम हसला. मग सोनाजी हसला. बायजा नाही हसली. परतताना ती बंडीत त्याचे पाय आपल्या मांडीवर घेऊन बसली. समोरून बंड्या येत होत्या, बंडीवाले बघत होते. सोनाजी लाजून पाय ओढायचा आणि ती परत घ्यायची. अमरावती येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

* * *

तरी तो बोऱ्यात उतरला. आम्ही आडवे आलो, त्यानं ऐकलं नाही. म्हादाबानं वरून कापूस टाकायला नकार दिला, म्हणून तुळशीराम चढला.

बोरा अर्धा भरला असेल, आणि आतला आवाज थांबला. म्हादाबानं हाक मारली. उत्तर नाही. मी विळा घेऊन बोरा वरून खालपर्यंत फाडला. कापसाचा लोंढा बाहेर आला आणि त्याच्याबरोबर सोनाजी. ओठ निळे, छातीचा नुसता भाता.

शेठ धावत आले. त्यांनी फाटलेल्या बोऱ्याकडे पाहिलंही नाही. डोक्यावरची पगडी काढून तिनंच सोनाजीला वारा घालायला लागले. सोनाजीनं डोळे उघडले, शेठला पाहिलं आणि घाबरून म्हणाला, "बोरा कोनं फाडला रे?"

शेठची बंडी जुंपली. खाली जाड कापूस अंथरून आम्ही त्याला वर निजवलं, पाय उंच ठेवले, बायजा शेजारी बसली. गावाला न्यायचं होतं. बैल हलले तेव्हा तो कापसावरून हात फिरवत होता.

"किसना," मला म्हणाला, "पयल्यांदाच टेकलो रे याच्यावर. सारा जलम उभाच होतो."

काही दिवसांनी एका बंडीवाल्याकडून निरोप आला. म्हादाबानं तो ऐकला आणि चौकटीला टेकून खाली बसला. त्या दिवशी कापूस टाकायला कुणी चढलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही.

* * *

म्हादाबानं त्यानंतर कुणाची नडगी दाबली नाही. कुणी पाय पुढे केला तर म्हणायचा, "अंगठ्यातलं गेलं आता."

पुढच्या हंगामाला बायजा परत आली, निवडायच्या कामावर. दिवसभर खाली मान घालून बसून असायची. एका दुपारी आम्ही भाकरी खाऊन टेकलो होतो, तेव्हा ती उठून म्हादाबासमोर येऊन बसली. लुगडं वीतभर वर सरकवलं.

"तुमी हात नोका लावू," ती म्हणाली. "नुसतं पाहा."

तिनं आपल्याच नडगीवर आपलाच अंगठा दाबला. चांगला जोर देऊन. मग उचलला.

"खड्डा पडला का, म्हादाबा?"

म्हादाबानं वाकून पाहिलं. "नाई पडला, माय."

तिनं जरा खाली दाबलं. "अथी?"

"नाई. तब्येत चांगली हाये तुही. काहीच नाई झालं तुले."

बायजानं लुगडं खाली ओढलं.

"मंग दुखते काहून?"